दुकान मोडते तेव्हा : कॅमेऱ्यांच्या लिलावाची गोष्ट

'लिलाव' हा शब्द आपण मराठीत इतका सहज वापरतो की तो परका आहे हे ध्यानातही येत नाही. पोर्तुगीज 'लेइलांव'वरून तो आला आणि चावी, पगार, मेस्त्री यांच्या पंगतीला बसून मराठी झाला. 'कॅमेरा' आपल्याकडे इंग्रजीतून आला खरा, पण त्याचे मूळ लॅटिन आणि अर्थ खोली. पोर्तुगीज 'कामारा' म्हणजे तेच. म्हणून तर पोर्तुगीज आमदानीत नगरपालिकेला 'कामारा म्युनिसिपाल' म्हणत. सभेची खोली ती कामारा आणि काळोखाची खोली तो कॅमेरा!

गोमंतकीयाला लिलाव काही नवा नाही. गावकारीच्या शेतांची पावणी, बाजारातल्या सोपोची पावणी, देवळात वाहिलेल्या फळांची पावणी हे सगळे आपण लहानपणापासून पाहत आलो. 'एक वार, दोन वार, तीन वार' झाले की वस्तू बोलणाऱ्याची. देवळातल्या पावणीत केळ्यांचा घड बाजारभावाच्या दहापट किमतीला जातो आणि घेणाऱ्याला त्याचे समाधान असते. मोडलेल्या दुकानाच्या लिलावात मात्र याच्या उलट घडते. तिथे प्रत्येक जण कवडीमोलाने काही मिळते का, हे पाहायला आलेला असतो.

हे सगळे आठवण्याचे कारण असे. आमच्या ओळखीतला म्हापशाचा एक तरुण लग्नसमारंभांचे फोटो काढतो. एके दिवशी तो मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, गोव्याबाहेरचे एक जुने कॅमेऱ्याचे दुकान बुडाले. सगळा माल लिलावात काढलाय. कॅमेरे आहेत, लेन्स आहेत, स्टुडिओचे दिवे आहेत. घेऊ का?"

मी त्याला चटकन 'घे' किंवा 'घेऊ नको' असे काहीच म्हटले नाही. पण त्या यादीने मला इतिहासात ओढून नेले. गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर कॅमेऱ्यांची मोठमोठी दुकाने मोडली. त्यांचे काय काय विकले गेले आणि काय विकले गेले नाही, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट इंग्लंडची. लेस्टर हे शहर आपल्याला अगदीच परके नाही; दमण-दीवची पुष्कळ कुटुंबे तिथे स्थायिक झाली आहेत. त्या लेस्टरमध्ये १९३५ साली फ्रँक जेसप यांनी एक दुकान काढले. पुढे मुलाने धंदा वाढवला, 'जेसप्स' हे नाव ब्रिटनभर झाले आणि २००४ साली कंपनी लंडनच्या शेअरबाजारात आली. हौशी माणसाने पहिला कॅमेरा तिथून घ्यावा, रोल धुवायला तिथेच द्यावा, काउंटरपलीकडच्या माणसाला 'लग्नाला कोणती लेन्स बरी?' असे विचारावे, अशी ती दुकाने होती.

पण ज्या वर्षांत जेसप्स फुगली त्याच वर्षांत फिल्म आटत होती. रोल धुण्याचे आणि प्रती छापण्याचे काम म्हणजे या धंद्याची रोजची भाकरी. ग्राहक कॅमेरा दहा वर्षांतून एकदा घेतो, रोल मात्र दर सणाला धुतो. डिजिटल कॅमेऱ्याने ती भाकरी काढून घेतली आणि २००७ नंतर स्मार्टफोनने कॅमेऱ्यालाच हात घातला. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे बोलके आहेत. २०१० साली जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०१३ साली तो आकडा सुमारे ६ कोटी २८ लाखांवर आला आणि २०२० साली ९० लाखांच्याही खाली गेला. दहा वर्षांत बाजार असा ओसरला तर कोणते दुकान टिकणार?

जेसप्सवर कर्जही होते. २००९ साली कर्ज देणाऱ्या बँकेने ते सोडून त्या बदल्यात कंपनीत हिस्सा घेतला. तरी फार दिवस निभावले नाही. ९ जानेवारी २०१३ रोजी कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली आणि ११ जानेवारीला सर्वच्या सर्व १८७ दुकानांची दारे बंद झाली. सुमारे १३७० माणसांची नोकरी गेली. नुकताच नाताळ होऊन गेला होता. अनेकांच्या खिशात भेट मिळालेली जेसप्सची कुपने होती. ती स्वीकारली जाणार नाहीत, असे जाहीर झाले. एका दुकानाच्या काचेवर कर्मचाऱ्यांनी चिठ्ठी लावली. ग्राहकांनी ॲमेझॉनवर खरेदी केल्याबद्दल त्यात त्यांचे उपरोधाने आभार मानले होते. दुकानात यायचे, कॅमेरा हातात घेऊन बघायचा, तासभर माहिती विचारायची आणि घरी जाऊन संगणकावर दुसरीकडून मागवायचा, ही रीत त्या माणसांनी रोज पाहिली होती.

आता प्रश्न असा की, बंद दुकानातला माल कोणाचा? आपल्याला वाटते दुकानदाराचा. पण तसे नेहमी नसते. १९७६ साली इंग्लंडमध्ये रोमाल्पा नावाच्या कंपनीचा एक खटला गाजला. एका डच कारखान्याने तिला ॲल्युमिनियमचा वरख (फॉइल) उधारीवर दिला होता आणि पैसे मिळेपर्यंत मालकी आपलीच, अशी अट करारात घातली होती. कंपनी बुडाली तेव्हा न्यायालयाने ती अट मान्य केली. तेव्हापासून उधारीवर माल देणारे पुरवठादार ही अट आवर्जून घालतात. म्हणजे फळीवर झळकणारा नवा कोरा कॅमेरा पुष्कळदा दुकानाचा नसतोच. तो परत पुरवठादाराकडे जातो. लिलावाला उरते ते काय? काचेच्या कपाटात मांडून ठेवलेले नमुने, जुने घेतलेले कॅमेरे, पट्ट्या, पिशव्या, तिपाया, छपाईची यंत्रे, टेबलखुर्च्या आणि कपाटे.

आणखी एक वस्तू उरते, ती म्हणजे नाव. जेसप्सचे नाव उद्योजक पीटर जोन्स यांनी विकत घेतले आणि त्याच वर्षी मार्चअखेरीस मोजकी दुकाने पुन्हा उघडली. पाटी तीच होती, पण दुकाने बहुतेक गेली होती आणि आतली माणसेही.

अमेरिकेत हीच गोष्ट अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. 'रिट्झ' हा १९१८ साली एका छायाचित्रकाराच्या स्टुडिओपासून सुरू झालेला धंदा. वाढत वाढत तो अमेरिकेतल्या कॅमेरा दुकानांची सर्वांत मोठी साखळी बनला. या मंडळींनी होड्यांच्या सामानाचीही दुकाने काढली होती. एकीकडे फिल्म गेली, दुसरीकडे मंदी आणि इंधनाच्या भाववाढीने होड्यांचा धंदा बसला. २००९ च्या फेब्रुवारीत रिट्झने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा सुमारे ८०० दुकाने होती. शेकडो बंद केली, कशीबशी सावरली, आणि २०१२ च्या जूनमध्ये पुन्हा तोच अर्ज. या खेपेला लिलाव झाला आणि शेवटी नाव 'सी अँड ए मार्केटिंग' या कंपनीकडे गेले. १९३९ पासून व्यावसायिक छायाचित्रकारांचे सामान विकणाऱ्या शिकागोच्या 'कॅल्युमेट'ने तर २०१४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतली आपली दुकाने एकाएकी बंद केली आणि थेट मालमत्ता विकून टाकण्याचा मार्ग धरला.

तिथल्या कायद्यात या दोन मार्गांना दोन प्रकरणे आहेत. अकराव्या प्रकरणात कंपनी जिवंत ठेवून कर्जाची फेरमांडणी करतात. सातव्या प्रकरणात जे आहे ते विकून देणेकऱ्यांत वाटतात आणि गोष्ट संपते. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने अशीच व्यवस्था आणली. कंपनी वाचत नसेल तर न्यायाधिकरण परिसमापक नेमते आणि तो बहुधा इंटरनेटवरून लिलाव करतो. जाहिरातीत एक ठरलेले वाक्य असते, 'जसे आहे, जिथे आहे'. ते वाक्य म्हणजे नुसती प्रथा नव्हे. कॅमेरा चालला नाही तर तक्रार नाही, आत लेन्स फुटलेली निघाली तर भरपाई नाही आणि माल ठरल्या मुदतीत आपल्या खर्चाने उचलायचा, हे सगळे त्या चार शब्दांत आले. आलेले पैसे आधी त्या प्रक्रियेच्या खर्चाला, मग कामगारांच्या थकबाकीला आणि तारण घेतलेल्या बँकांना जातात. कुपन हातात घेऊन बसलेला ग्राहक रांगेत फार मागे असतो. बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत काही पोहोचत नाही. दुरुस्तीला दिलेला कॅमेरा मात्र ग्राहकाचाच राहतो. तो लिलावात जाता कामा नये. पण त्यासाठी हातात पावती हवी. वाचकहो, दुरुस्तीची पावती जपून ठेवा, एवढेच यावरून सांगावेसे वाटते.

आमच्या तरुण मित्राला मी हे सगळे सांगितले आणि म्हटले, "बोली लावायची तर पाहणीच्या दिवशी स्वतः जा." तो गेला. मीही हौसेने बरोबर गेलो.

अशा ठिकाणी काय पाहायचे ते त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. शटर किती वेळा चालले ते त्याने तपासले. लेन्स उजेडापुढे धरून बुरशीचे जाळे शोधले. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही बुरशी चामड्याच्या चपलेला सोडत नाही, ती लेन्सला काय सोडणार? बंद दुकानात वर्षभर वीज नसेल, तर फ्लॅशच्या दिव्यांतले कपॅसिटर कमजोर होतात, हेही त्याने लक्षात घेतले. मग हिशेब मांडला. बोली अमुक, त्यावर लिलाव करणाऱ्याचे कमिशन, त्यावर कर, टेम्पोचे भाडे. स्वस्त वाटणारी वस्तू हिशेबानंतर फारशी स्वस्त राहत नाही. आणि हमी शून्य.

शेवटी त्याने दिव्यांच्या एका लॉटवर नजर ठेवली. ते दिवे 'बोवेन्स' या ब्रिटिश कंपनीचे होते. ही कंपनीही २०१७ साली बंद पडली. मी म्हटले, "मेलेल्या कंपनीचे दिवे कशाला?" तो हसला. "काका, कंपनी मेली, पण तिची खाच जिवंत आहे." दिव्यापुढे छत्री किंवा पेटी बसवायला बोवेन्सने जी खाच काढली होती, ती पुढे जगभर इतकी रुळली की आज चीनमधल्या गोडॉक्ससारख्या कंपन्यांचे दिवेही तीच खाच घेऊन येतात. म्हणजे बोवेन्सचे जुने सामान आजही नव्या दिव्यावर बसते. मला हे फार आवडले. दुकान मोडले, कारखाना मोडला, नाव पुसले, पण एक उपयोगी कल्पना लोकांच्या हातात राहिली. तिला कोणी लिलावात काढले नव्हते.

याचेच मोठे उदाहरण म्हणजे पोलरॉइड. क्षणात हातात फोटो देणारी ती फिल्म बनवणे थांबवत असल्याचे कंपनीने २००८ साली जाहीर केले. नेदरलँड्समधल्या एन्सकेडे इथला शेवटचा कारखाना बंद होत होता. फ्लोरियन काप्स हा ऑस्ट्रियन माणूस आणि त्याच कारखान्यातला आंद्रे बोसमान हा अभियंता यांनी काही साथीदारांसह तिथली यंत्रे सुमारे ३१ लाख डॉलरना विकत घेतली. नाही तर ती भंगारातच जायची होती. पण यंत्रे मिळाली तरी फिल्म बनेना. लागणारी कितीतरी रसायने आता कोणी बनवतच नव्हते. कारखान्यातल्या जुन्या कामगारांना सोबत घेऊन त्यांना सूत्रे जवळजवळ नव्याने बसवावी लागली. पहिली फिल्म बाजारात आली ती २०१० च्या मार्चमध्ये.

दरम्यान २००९ साली पोलरॉइडचे नाव आणि हक्क न्यायालयाच्या देखरेखीखालच्या लिलावात ८ कोटी ७६ लाख डॉलरना गेले. नावाला पावणेनऊ कोटी आणि यंत्रांना एकतीस लाख! आणि जुन्या कामगारांच्या हातातल्या ज्ञानाला? त्यावर बोलीच नव्हती, कारण ते यादीतच नव्हते. पण फिल्म पुन्हा बनली ती त्या ज्ञानामुळे. यंत्रे घेणाऱ्या कंपनीच्या मुख्य भागधारकाने पुढे २०१७ साली ते नावही मिळवले, हा काळाने घेतलेला सुंदर सूड म्हणायचा.

आपल्या देशातली गोष्ट सांगायची तर कलकत्त्याची 'बोर्न अँड शेफर्ड'. सॅम्युअल बोर्न १८६३ साली हिंदुस्थानात आला. हिमालयापासून पुढे त्याने या देशाची जी चित्रे काचेच्या पट्ट्यांवर घेतली ती आजही इतिहासकारांना लागतात. तो १८७० च्या सुमारास मायदेशी परतला, पण पट्ट्या कंपनीकडेच राहिल्या आणि त्यांवरून पिढ्यान्पिढ्या प्रती निघत राहिल्या. स्वातंत्र्यानंतर युरोपियन गेले, संस्थानिकांचे वैभव गेले आणि धंदा बसला. शेवटच्या युरोपियन मालकाने, आर्थर मसलव्हाइट यांनी, १९५५ साली लिलाव केला आणि स्टुडिओ भारतीय मालकांकडे आला. हा लिलाव मला महत्त्वाचा वाटतो, कारण इथे धंदा तुकड्यातुकड्यांनी विकला गेला नाही. स्टुडिओ, नाव आणि पट्ट्यांचा साठा एकत्र राहिला, म्हणून तो आणखी साठ वर्षे चालला. १९९१ च्या फेब्रुवारीतल्या आगीत मात्र त्या साठ्यातला बराच भाग जळाला. २०१६ साली स्टुडिओ कायमचा बंद झाला.

आता पुन्हा त्या पाहणीच्या दिवसाकडे येतो. आम्ही निघणार तोच मागच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी दिसली. वर धूळ, काहींना वाळवी लागलेली. आत निगेटिव्ह होते. कागदी पाकिटांत, वर पेन्सिलीने आकडे घातलेले. दुकानाला पूर्वी स्टुडिओ जोडलेला होता. यादीत या खोक्यांना लॉटचा क्रमांक नव्हता. तिथल्या माणसाला विचारले तर तो म्हणाला, "ते भंगारवाल्याला जाईल. त्याला कोण बोली लावणार?"

आकड्यांची वही कुठे, असे मी विचारले. ती आधीच रद्दीत गेली होती.

मी एक पट्टी उजेडात धरली. काळ्या-पांढऱ्याची उलटापालट झालेला एक मुलगा, अंगावर शाळेचा गणवेश, केस तेल लावून चापून बसवलेले. वर आकडा ४१७. हा ४१७ कोण? त्याची आई तो फोटो अजून भिंतीवर ठेवून असेल का? की घरातली प्रत हरवली आणि हीच एक राहिली? वही असती तर सांगता आले असते.

यात कायद्याचीही एक गंमत आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन कोणी आपला फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोचा पहिला हक्कदार फोटो काढून घेणारा ग्राहक असतो. म्हणजे निगेटिव्हची पट्टी कोणाच्याही हातात गेली तरी चेहऱ्याचा हक्क ४१७ चाच. अशी खोकी ज्याच्या हाती येतील त्याने ती जपावीत, ज्याचे त्याला द्यावे, वाटेल तशी छापू नयेत. आणि हल्लीच्या दुकानांच्या संगणकांत तर हजारो कुटुंबांचे फोटो पडून असतात. ते पुसल्याशिवाय तो संगणक लिलावात जाऊ नये, हे कोणी पाहते का?

मला आपल्या गोव्याची आठवण झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'सौझा आणि पॉल' यांनी काढलेली गोव्याची दृश्ये आज आपण अभ्यासाचे साधन म्हणून पाहतो. पण त्यानंतर आपल्या म्हापशाला, मडगावला, फोंड्याला, वास्कोला किती स्टुडिओ झाले! तारवटी म्हणून बोटीवर निघालेल्याचा फोटो, आखाताला जाणाऱ्याचा पासपोर्टचा फोटो, दाखवून घ्यायच्या मुलीचा फोटो, शाळेच्या शेवटच्या वर्गाचा फोटो, देवळाच्या जत्रेतला कुटुंबाचा फोटो. गोव्याने आपला चेहरा या लहान खोल्यांत ठेवून दिला आहे. कॅमेरा म्हणजे खोलीच ना! त्यांपैकी कितीतरी खोल्यांना आज कुलूप आहे. मालक थकले, मुले दुसऱ्या कामाला गेली, जागा भाड्याला गेली. त्यांचा लिलावदेखील होत नाही. एक दिवस टेम्पो येतो आणि खोकी जातात.

आमच्या मित्राला ते दिवे मिळाले. बोली त्याच्या हिशेबाच्या आत राहिली. माल उचलायला गेला त्या दिवशी त्याने ती खोकीही मागितली. परिसमापकाच्या माणसाने वरिष्ठांना फोन केला, एका कागदावर सही घेतली आणि नेऊ दिली. भंगारवाल्याने आदल्या दिवशी अर्धी नेली होती. उरलेली सहा सध्या म्हापशाला त्याच्या घरी, माळ्यावर नव्हे तर कोरड्या कपाटात आहेत. वाळवी लागलेली पाकिटे त्याने बदलली आणि प्रत्येक पाकिटावरचा जुना आकडा नव्या पाकिटावर उतरवून घेतला. आता तो एकेक पट्टी दिव्यावर ठेवून तिची प्रत करून घेतो आहे. दिवे बोवेन्सचेच.

वाचकहो, तुमच्या वाड्यावर एखादा जुना स्टुडिओ बंद होत असेल, तर मालकाला एकदा भेटा. कॅमेऱ्याला गिऱ्हाईक मिळेल, कपाटालाही मिळेल. तुम्ही खोक्यांबद्दल विचारा. आणि खोक्यांच्या आधी वही मागा.